हिरडीवरची पुळी: दोष नसेचा की हिरडीचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय 58. खालच्या जबड्यात उजवीकडच्या पहिल्या मोठ्या दाढेजवळ, हिरडीवर, तीन महिन्यांपासून बारीक पुळी येते, फुटते, थोडा पू येतो आणि काही दिवसांनी पुन्हा येते. दुखत फारसं नाही, पण चावताना ती दाढ उंच झाल्यासारखी आधी लागते. मधुमेह आहे, शेवटचं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 8.6. मिश्री लावायची जुनी सवय. एका डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलं, दुसऱ्यांनी पायरिया म्हणून हिरडीचं ऑपरेशन, तिसऱ्यांनी दाढ काढून टाका म्हटलं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. कोणाचं ऐकावं?

तिघांपैकी कोण बरोबर, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं आणि तिचा तुमच्या प्रश्नात कुठेच उल्लेख नाही: त्या दाढेची नस, म्हणजे दाताच्या आतला मऊ गाभा, जिवंत आहे की मेली आहे? हे तपासल्याशिवाय तिन्ही सल्ले अर्धवट आहेत. तपासणी पाच मिनिटांची आहे, तिला महागडं यंत्र लागत नाही. ती झाली नसेल तर आधी ती करून घ्या, मग निर्णय.

हिरडीवर पू दिसला की सगळे हिरडीलाच दोष देतात. पण पू दिसतो तिथेच तयार होतो असं नाही. दाढ किडून जंतू आतल्या नसेपर्यंत पोचले की नस सुजते. तिच्या चारही बाजूंना कठीण भिंती, फुगायला जागा नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि नस मरते. जंतू मग मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू साठतो आणि हाड पोखरत हिरडीवर तोंड काढतो. हा झाला आतून आलेला पू. दुसऱ्या प्रकारात दाताभोवती कीटण साठून हिरडी दातापासून सुटते, खोल कप्पा तयार होतो, त्या कप्प्यातल्या जंतूंमुळे हाड वरून खाली झिजत जातं आणि पू त्या कप्प्यातच होतो. हा बाहेरून आलेला. बाहेरून पाहिलं तर दोन्ही पुळ्या सारख्याच दिसू शकतात. इलाज मात्र पूर्णपणे वेगळे आहेत, आणि चुकीचा इलाज नीट केला तरी पुळी परत येणारच.

नस तपासण्याची साधी रीत गारव्याची. कापसाच्या बारीक बोळ्यावर गार स्प्रे मारून तो दाढेला टेकवतात. पण थेट दुखऱ्या दाढेला नाही. आधी शेजारच्या चांगल्या दाताला, मग दुसऱ्या बाजूच्या तशाच दाढेला आणि शेवटी संशयित दाढेला. माणसागणिक गारव्याची जाणीव वेगळी असते, म्हणून ज्याचं त्याचं माप आधी घ्यावं लागतं. निरोगी दाताला गार लागतं आणि बोळा काढला की सेकंद-दोन सेकंदांत ते जातं. सळक येऊन बोळा काढल्यावरही अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ कळ टिकली तर नस परत बरी होण्यापलीकडे सुजलेली आहे असं धरतात. आणि शेजारच्या दाताला लगेच हात वर केलेल्या पेशंटला या दाढेला काहीच जाणवलं नाही, तर नस मेली असल्याचा दाट संशय घ्यायचा.

दोन सावधगिऱ्या इथे लागतात. पन्नाशी-साठीच्या पुढे नसेची पोकळी आकसलेली असते, त्यामुळे जिवंत नसही उशिरा किंवा मंद उत्तर देते. आणि दाढेला दोन-तीन मुळं असल्यामुळे एका मुळातली नस मेलेली आणि दुसऱ्यातली जिवंत असंही होतं. म्हणून शंका राहिली तर विजेच्या सौम्य प्रवाहाने तपासणाऱ्या पल्प टेस्टरचा दुजोरा घ्यावा. दाढेवर आधीची कॅप असेल तर दोन्ही चाचण्यांचा भरवसा कमी होतो, तेव्हा एक्स-रे आणि बाकीच्या खुणांवर जास्त भर द्यावा लागतो.

यानंतर हिरडीचं मोजमाप. यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई असते, तिला प्रोब म्हणतात. ती हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद सोडून दाताभोवती सावकाश फिरवतात आणि बाहेरून तीन, आतून तीन अशा सहा ठिकाणची खोली लिहून ठेवतात. 1 ते 3 मिलिमीटर हे ठीक. 4-5 म्हणजे लक्ष द्यायला हवं. 6 किंवा जास्त म्हणजे आजार खोलवर गेला आहे. पण मला आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो कप्प्याचा आकार. दाढेभोवती फिरताना खोली 4, 5, 6, 6, 5 अशी हळूहळू वाढत-उतरत असेल, आणि इतर दातांनाही थोडंफार तसंच असेल, तर तो हिरडीचा आजार. सगळीकडे 2-3 आणि एकाच बारीक जागी प्रोब एकदम 9-10 पर्यंत सरकन उतरला, तर ते बहुधा आतला पू बाहेर पडण्याची वाट आहे किंवा मुळाला उभी चीर आहे. रोज सुपारी कातरून चघळणाऱ्यांच्या दाढांना अशा चिरा पडलेल्या मी खूप पाहिल्या आहेत. आई सुपारी खात असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. चीर असल्याची एक खूण म्हणजे चावून दात सोडताना येणारी तीक्ष्ण कळ.

आईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हिरडीतून रक्त येणं ही सुजेची पहिली खूण, पण तंबाखूने ती झाकली जाते. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत हे फार ठळक दिसतं. हिरड्या फिकट, घट्ट दिसतात आणि आत हाड झिजत असतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्यामुळे "रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या चांगल्या" हा निष्कर्ष मिश्रीवाल्यांबाबतही काढू नये. शिवाय बोट जिथे रोज घासलं जातं तिथे हिरडी खाली सरकते, दात मानेपाशी झिजतो. त्याच भेटीत गालाच्या आतली बाजू, जीभ आणि हिरड्यांवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का हेही बघून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जुना व्रण किंवा चट्टा असेल तर तो दाढेपेक्षा तातडीचा विषय आहे.

एक्स-रे कोणता काढला आहे तेही पाहा. बऱ्याचदा फक्त सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे काढलेला असतो. तो ढोबळ अंदाजाला ठीक, पण एका दाढेच्या निदानाला छोटा, तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढलेला एक्स-रे हवा. आणि पुळीचं तोंड उघडं असेल तर एक जुनी, स्वस्त आणि अतिशय खात्रीची युक्ती आहे: रूट कॅनल भरायला वापरतात ती गटापर्चाची लवचीक बारीक काडी पुळीच्या छिद्रातून, सहज जाईल तिथपर्यंत, अलगद आत सरकवायची आणि तशीच ठेवून एक्स-रे काढायचा. काडी पांढरी दिसते आणि तिचं टोक पू जिथून येतो तिथे बोट ठेवतं. ते मुळाच्या टोकाशी गेलं तर आजार आतला, मुळाच्या कडेला कप्प्यात थांबलं तर हिरडीचा. कधीकधी ते शेजारच्याच दाताकडे जातं आणि ज्या दाढेवर सगळे बोलत होते ती निर्दोष ठरते. पुळी आलेली असतानाच तपासायला जा, हे मी त्यासाठीच सांगतो. एक्स-रेची मर्यादाही लक्षात असू द्या: हाडातली साधारण 30 ते 50 टक्के खनिजं गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काळा डाग उठून दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ म्हणजे दात स्वच्छ असं नव्हे.

दुखत का नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यात निदानाचा धागा आहे. नस जिवंत आणि सुजलेली असते तेव्हाच खरा ठणका लागतो. रात्री आडवं पडलं की वाढणारा, गरम चहाने भडकणारा, कानापर्यंत जाणारा. तेव्हा नेमका कोणता दात हेही पेशंटला सांगता येत नाही, वरचा की खालचा यातही गफलत होते, कारण नसेला जागा ओळखण्याची जाणीव नसते. नस मेली की ठणका थांबतो आणि माणसाला वाटतं बरं वाटलं. पुढे जंतू मुळाबाहेरच्या पडद्यात पोचले की दाढ उंच लागते, टकटक केल्यावर दुखते. पुवाला बाहेर पडायला वाट मिळाली की दाब साठत नाही, म्हणून तेही दुखणं सौम्य राहतं. आईंना मागच्या वर्ष-दोन वर्षांत त्या बाजूला काही दिवस रात्री झोप न येण्याइतकी दाढ दुखून, मग आपोआप थांबली होती का, हे विचारा. तसं असेल तर माझा कल आतल्या आजाराकडे झुकेल. तिथे जुनी चांदी भरलेली असेल किंवा कीड दिसत असेल तर आणखी झुकेल. दाढेला काहीच कीड नाही, पण दात सगळीकडे थोडे हलतात, फटी पडल्या आहेत, अन्न अडकतं, तोंडाला वास येतो, असं असेल तर हिरडीचा आजार आधी मनात येतो.

आता तीन शक्यता आणि त्यांचे इलाज.

नस मेलेली, कप्पा नाही किंवा एकाच जागी बारीक: इथे फक्त रूट कॅनल. हिरडीला हात लावायची गरज नाही. उलट घाईने मूळ खरवडलं तर मुळावरचे जे जिवंत धागे पुन्हा हाडाला चिकटू शकले असते तेच निघून जातात. म्हणून अशा वेळी आधी रूट कॅनल, हा क्रम मोडू नये. रूट कॅनल चांगलं झालं की पुळी बहुतेक वेळा काही दिवसांत ते दोन-चार आठवड्यांत स्वतःहून बंद होते, हाड भरायला मात्र सहा महिने ते वर्ष किंवा जास्त लागतं. चांगलं रूट कॅनल कसं ओळखायचं? दातावर रबराचा पातळ पडदा लावून काम होतंय का पाहा; त्याने लाळ आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. मुळातल्या नळीची (नस असते त्या पोकळीची) लांबी अंदाजाने न घेता एपेक्स लोकेटर, म्हणजे मुळाचं टोक कुठे आहे ते दाखवणारं छोटं यंत्र, आणि एक्स-रेने मोजायला हवी. नळ्या सोडियम हायपोक्लोराइटने भरपूर धुतल्या पाहिजेत, कारण सुयांनी फक्त वाट रुंद होते, जंतू मारायचं काम या द्रावणाचं. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, चौथीही पुष्कळदा असते, आणि ती राहून गेली तर पुळी परत येते. नंतर कॅप टाळू नका. रूट कॅनल केलेली आणि कॅप न घातलेली दाढ एक दिवस शेंगदाण्याने किंवा भाकरीच्या कडक कडेने दुभंगते आणि सगळा खर्च वाया जातो.

नस जिवंत, कप्पे रुंद, इतर दातांनाही आजार: इथे रूट कॅनलची गरज नाही. चांगली नस काढून हिरडीचा पू थांबत नाही. आधी सगळ्या तोंडाची कीटण काढणं, मग खोल कप्प्यांची सफाई भूल देऊन, मुळाच्या पृष्ठभागापर्यंत. साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा त्याच सहा जागा मोजायच्या. त्या फेरमोजणीनंतरही 6 मिलिमीटर किंवा जास्त कप्पे राहिले आणि पू-रक्त येत असेल, तरच हिरडी उघडून करायच्या ऑपरेशनचा विचार. पहिल्याच भेटीत, फेरमोजणीआधी ऑपरेशनची तारीख देणं मला पटत नाही. बरेच कप्पे नुसत्या सफाईने आणि घरच्या काळजीने भरून येतात.

सफाईने दात ढिले होतात, ही समजूत घट्ट बसलेली आहे म्हणून थोडं सांगतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाची जाड पट्टी असते, ती दातांना एकमेकांशी जखडून ठेवते. पट्टी निघाली की आधीच हाड झिजलेले दात हलताना जाणवतात, सूज उतरल्यावर फटी दिसतात. हाड सफाईने गेलेलं नसतं, कीटणाखालच्या जंतूंनी गेलेलं असतं. आणि हिरडीची सूज किती लवकर उतरते याचा पुरावाही जुना आहे. डेन्मार्कमध्ये 1965 साली हारल्ड ल्यो यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर त्या बऱ्या झाल्या. सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. हाड गेलं की ते सहसा पूर्ववत होत नाही, आहे ते टिकवायचं असतं.

नसही मेलेली आणि कप्पेही खरे: दोन्ही आजार एकत्र आले की आधी रूट कॅनल, सोबत वरवरची सफाई, मग दोन-तीन महिने थांबून फेरमोजणी. आतल्या आजाराने गेलेलं हाड तोवर भरू लागतं आणि हिरडीच्या वाट्याचं नेमकं किती उरलं ते कळतं. त्यानंतर हिरडीचा पुढचा इलाज. या प्रकारात दाढ टिकणार की नाही हे रूट कॅनलपेक्षा हिरडीचं हाड ठरवतं, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगायला हवं.

दाढ काढणं कधी योग्य? मुळाला उभी चीर असेल, दाढ वर-खालीसुद्धा हलत असेल, हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलं असेल, किंवा कीड हिरडीखाली इतकी उतरली असेल की कॅप धरायला दात उरत नाही. यातलं काही नसताना, नुसता पू येतो म्हणून पहिली मोठी दाढ काढू नये. चावण्याचं मोठं काम तिच्यावर असतं.

अँटिबायोटिकने पुळी दोनदा गेली आणि परत का आली? मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग रक्तातून येणारं औषध तरी तिथे कसं पोचणार? हिरडीच्या कप्प्यातही जंतू चिकट थरात दडून असतात, थर हाताने काढल्याशिवाय गोळी पुरत नाही. जिवंत सुजलेल्या नसेच्या ठणक्यावर तर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. तिथे वेदनाशामक आणि नसेवरचा इलाज. ती गोळीही डॉक्टरांना विचारूनच, कारण मधुमेहात मूत्रपिंड जपायची असतात. अँटिबायोटिक लागतं ते ताप आला, चेहरा सुजला, सूज पसरत चालली तेव्हा. त्यातही तोंड उघडेना, गिळता येईना, हनुवटीखाली किंवा मानेकडे सूज उतरली, श्वासाला जड वाटू लागलं, तर दातांच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नका, तडक मोठं हॉस्पिटल. मधुमेहात हे तासांत वाढू शकतं.

मधुमेहाचं एवढंच: 8.6 आहे म्हणून सफाई आणि रूट कॅनल लांबवू नका. "आधी साखर आणा, मग दात" या सल्ल्यात पेशंट वर्षभर अडकतो, आणि तोंडातला जुनाट पूच साखर वर ठेवायला हातभार लावतो. हिरड्यांच्या इलाजानंतर तीन महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.3 ते 0.4 ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. थांबवायचं ते हिरडीचं मोठं ऑपरेशन, साखर आटोक्यात येईपर्यंत. भेट सकाळची घ्या, नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच न्या, उपाशी नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन असेल तर तेही सांगा, त्याने काहींच्या हिरड्या वाढतात.

तोवर घरी गालावरून शेकू नका, पुळी सुईने फोडू नका, हिरडीवर लवंगेचं तेल किंवा गोळी चुरून ठेवू नका. त्याने हिरडी भाजते आणि पुढची तपासणी अवघड होते. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा चालतील. मऊ ब्रश, सकाळ-रात्र, आणि दाढांच्या फटीत मावेल त्या मापाचा छोटा इंटरडेंटल ब्रश. मिश्री एकदम सुटत नसेल तर 1800-11-2356 या तंबाखूमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळतं. मिश्री सोडल्यावर सुरुवातीला हिरड्यांतून रक्त जास्त दिसू शकतं. त्याला घाबरून पुन्हा सुरू करू देऊ नका.

खर्चाची किंवा परस्परविरोधी मतांची अडचण असेल तर शासकीय दंत महाविद्यालय गाठा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. नसेचा आणि हिरडीचा असे दोन्ही विभाग तिथे एकाच इमारतीत असल्याने दोघांनी एकच दाढ एकत्र पाहण्याची सोय होते, आणि तुमच्या आईंच्या दाढेला नेमकं तेच हवं आहे.

तिथून परत आल्यावर मला एवढं लिहा: गारव्याला दाढेने काय उत्तर दिलं, प्रोबचे सहा आकडे, आणि काडी ठेवून काढलेल्या एक्स-रेत टोक कुठे गेलं. सोबत एक्स-रेचा फोटो द्या, प्रकाशाकडे धरून काढलेला, तिरका नको.